व्रत आणि वेतन

अड्याळ म्हटले की विदर्भाबाहेरच्या वाचकाला, आणि पुष्कळदा विदर्भातल्याही, ‘अड्याळ टेकडी’ आठवते. ती टेकडी चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या अनुयायांमुळे तिचे नाव सर्वदूर गेले. आम्हांला अभिप्रेत असलेले अड्याळ मात्र भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातले, भंडारा–पवनी रस्त्यावरचे, धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव आहे. येथे शासनाचे ग्रामीण रुग्णालय आहे. पंचक्रोशीतील बाळंतीण, रोवणीच्या दिवसांत साप चावलेला मजूर, सिकलसेलच्या वेदनांनी कळवळणारे मूल, सारे प्रथम येथेच येतात. त्यांपैकी कोणीही, त्याचा धर्म कोणताही असो, खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेला हाक मारतो ती ‘सिस्टर’ अशीच.

हा शब्द आपल्या घरातला. तो मठातून निघून सरकारी दवाखान्याच्या कक्षापर्यंत कसा आला, आणि येताना आपल्याबरोबर काय घेऊन आला, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. कारण परिचारिकेला पगार किती मिळतो, किती मिळावा, आणि एकाच कामाचे इतके वेगवेगळे मोल का होते, या प्रश्नांची मुळे पुष्कळ अंशी या एका संबोधनात गुंतलेली आहेत, असे आमचे मत आहे.

युरोपात रुग्णशुश्रूषा हे शतकानुशतके व्रतस्थ स्त्रियांचे कार्य होते. १६३३ साली संत व्हिन्सेंट दि पॉल आणि संत लुईझ द मारियाक यांनी ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ स्थापन केला आणि धर्मभगिनी मठाच्या भिंती ओलांडून दरिद्री रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. पुढे १८३६ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे प्रोटेस्टंट पंथीयांनी त्याच धर्तीवर सेविकांचे शिक्षण सुरू केले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तेथेच काही काळ शिकल्या. इंग्लंडमधील अँग्लिकन भगिनीसंघ रुग्णालयांतून काम करू लागले आणि त्यांपैकी ऑल सेंट्स भगिनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रुग्णालयांत येऊन पोहोचल्या. कक्षाची प्रमुख ती ‘सिस्टर’, हा प्रघात अशा रीतीने रूढ झाला. कालांतराने कक्षप्रमुख व्रतस्थ असण्याची गरज उरली नाही. संबोधन तेवढे राहिले.

धर्मभगिनीला पगार नसतो, हे वाचकांना ठाऊकच आहे. तिने दारिद्र्याचे व्रत घेतलेले असते. परंतु त्या व्रताची दुसरी बाजू सहसा लक्षात घेतली जात नाही. तिचे अन्नवस्त्र, तिचे आजारपण, तिचे वार्धक्य आणि अखेर तिची मूठमाती, या साऱ्यांची हमी तिच्या संघाने घेतलेली असते. पगारावाचून जगता येते ते या हमीमुळे. संसारी परिचारिकेने असे कोणतेही व्रत घेतले नव्हते. तिला आईबाप होते, भावंडे होती, पुढे पती व मुले होणार होती. समाजाने तिला ‘सिस्टर’ म्हटले, तिच्याकडून व्रतस्थाच्या निरपेक्षतेची अपेक्षाही धरली. हमी मात्र कोणी घेतली नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले आणि स्कॉटिश मिशनचे काम सुरू झाले. त्या मिशनचे म्युअर मेमोरियल रुग्णालय १८९६ साली उभे राहिले. भंडारा येथेही स्कॉटिश मिशनचे केंद्र होते. कॅथोलिक बाजूने नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला. मध्य प्रांतावर १८९६–९७ आणि पुन्हा १८९९–१९०० अशी दुष्काळाची दोन भीषण संकटे कोसळली आणि सर्वच मिशनांच्या अनाथालयांत मुले भरली. पोटाला अन्न आणि अंगाला वस्त्र मिळालेल्या या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यापुढे दोनतीनच मार्ग होते: विवाह, शिक्षिकेचे काम किंवा शुश्रूषा. उच्चवर्णीय कुटुंबे आपल्या मुलींना परक्याच्या देहाला हात लावण्याच्या कामाला पाठवीत नसत. म्हणून स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात भारतातील शिकलेल्या परिचारिकांत ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन मुलींचे प्रमाण बहुसंख्येचे होते. हा आपल्या समाजाचा गौरव आहे आणि तो आम्ही मोठ्या आवाजात सांगत असतो. पण ज्या मुलीला आपणच वाढवले, तिला पगार ठरवून देताना देणाऱ्याच्या मनात व्यवहार कमी आणि उपकार अधिक असतो. घेणारीही घासाघीस करीत नाही. या मुलींच्या पगाराचा पाया असा कृतज्ञतेत घातला गेला.

कॅथोलिक धर्मभगिनींना तर प्रसूतिकार्यात उतरण्यासच दीर्घकाळ प्रतिबंध होता. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमच्या धर्मप्रसार मंडळाने सूचनापत्र काढले आणि मिशन प्रदेशातील माता व बालकांच्या सेवेसाठी भगिनीसंघांना वैद्यकीय व प्रसूतिविषयक शिक्षण घेण्यास उत्तेजन दिले. त्याच सुमारास आंध्रातील गुंटूर येथे ऑस्ट्रेलियन डॉक्टर सिस्टर मेरी ग्लोरी कार्य करीत होत्या. त्यांनी १९४३ मध्ये कॅथोलिक रुग्णालयांची देशव्यापी संघटना स्थापन केली. पुढे १९६२ मध्ये चांदा येथे सिरो-मलबार प्रेषितकार्याचा प्रदेश निर्माण झाला, १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला, आणि केरळच्या भगिनी वैनगंगेच्या खोऱ्यातील खेड्यापाड्यांत दवाखाने चालवू लागल्या. या भगिनींच्या शेजारी संसारी परिचारिकाही काम करू लागली. एकाच कक्षात, एकाच पाळीत, एक विनावेतन आणि दुसरी वेतन घेणारी. दुसरीने पगारवाढ मागितली की पहिलीचे उदाहरण आपोआपच पुढे उभे राही. कोणी ते मुद्दाम उभे करीत होते असे आम्ही म्हणत नाही; ते उभे राहतच असे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, असे त्या समितीला आढळले. मुली या व्यवसायात का येत नाहीत याचीही कारणे समितीने शोधली: कामाचे अतोनात तास, राहण्याची दाटीवाटी, तुटपुंजा मोबदला. ही उणीव झटपट भरून काढण्यासाठी १९५१ मध्ये पंजाबातील तरणतारणच्या सेंट मेरीज रुग्णालयात साहाय्यक परिचारिका-प्रसविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. आज गावोगावच्या उपकेंद्रात जिला लोक ‘नर्सबाई’ म्हणतात, तिचा जन्म येथला. १९७३ च्या करतारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती केले. म्हणजे बाळंतपणाबरोबर लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप, नोंदवह्या अशी कामे तिच्या पदरात पडली. हुद्दा बदलला, कामे वाढली; पगार त्या मानाने वाढला असे कोणी म्हणणार नाही.

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातील आरोग्यसेवा त्यांच्याकडे गेली. येथून एक विलक्षण रचना तयार झाली, ती ठाऊक असल्यावाचून परिचारिकेच्या पगाराचे कोडे उलगडत नाही. अड्याळच्या ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची. परिसरातील उपकेंद्राची आरोग्य सेविका जिल्हा परिषदेची. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील परिचारिका वैद्यकीय शिक्षण विभागाची. नागपूरच्याच एम्समधील केंद्र सरकारची. आणि २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर या सर्वांच्या बरोबरीने कंत्राटी परिचारिका आली, जी धड कोणाचीच नाही. खाटेवरच्या माणसाला यांतील काहीही कळत नाही. त्याच्या लेखी सगळ्याच ‘सिस्टर’.

आकडे पाहू. केंद्र सरकारच्या तिसऱ्या वेतन आयोगाने, म्हणजे १९७३ मध्ये, परिचारिकेची वेतनश्रेणी ४२५ रुपयांपासून सुरू केली. चौथ्या आयोगात, १९८६ पासून, ती १,४०० वर गेली. पाचव्यात, १९९६ पासून, ५,००० वर. सहाव्याने तिला ४,६०० रुपयांचे ग्रेड वेतन दिले आणि त्यातूनच सातव्या आयोगाच्या तक्त्यात, २०१६ पासून, प्रारंभीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये झाले. शिवाय जुलै २०१७ पासून दरमहा ७,२०० रुपयांचा परिचर्या भत्ता, जो पुढे आणखी वाढला. हे एम्समध्ये. महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिकेचे सातव्या आयोगातील प्रारंभीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेचे २५,५००. या तिघींच्या मूळ वेतनावर महागाई भत्ता, घरभाडे असे भत्ते चढतात, रजा मिळतात, पदोन्नतीने अधिपरिचारिकेची परिसेविका व परिसेविकेची अधिसेविका होता येते. आता राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती काढून पाहाव्यात. कंत्राटी अधिपरिचारिकेला एकत्रित मानधन २०,००० रुपये आणि कंत्राटी आरोग्य सेविकेला १८,०००. एकत्रित म्हणजे त्यावर काही नाही. करार ठरावीक मुदतीचा. मुदत संपली की नूतनीकरणाची वाट पाहावयाची. ‘पगार’ हा शब्दही तिच्या वाट्याला येत नाही, तिला मिळते ते ‘मानधन’! मान देऊन धन राखून ठेवण्याची ही शासकीय भाषेची युक्ती आम्हांला नेहमीच गमतीची वाटत आली आहे.

एम्सची परिचारिका आणि कंत्राटी अधिपरिचारिका यांच्यामध्ये अंतर किती? भौगोलिक अंतर भंडाऱ्याहून नागपूर, एसटीने एका सकाळचा प्रवास. शिक्षणातले अंतर अनेकदा शून्य. दोघींनीही तोच परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा केलेला असतो आणि दोघींचीही परिषदेकडे नोंदणी असते. सलाईन लावण्याची, नाडी मोजण्याची, रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवावे की नाही हे ठरवण्याची जबाबदारीही तीच.

याचे मोल केवळ रुपयांत होत नाही, हे भंडारा जिल्ह्याने एका रात्री पाहिले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात अर्भकांच्या विशेष दक्षता कक्षास आग लागली. कक्षात १७ बालके होती. ७ वाचली, १० गेली. ज्या घरांत त्या दिवशी पाळणे रिकामे झाले ती बहुतेक मोलमजुरी करणारी, खेड्यांतली घरे होती; त्यांच्या दुःखापुढे वेतनाची चर्चा करणे क्षुद्र वाटेल, याची आम्हांला जाणीव आहे. तरीही पुढे जे घडले ते इतिहासाचा भाग आहे आणि ते नोंदवले पाहिजे. चौकशीनंतर शासनाने त्याच महिन्यात कारवाई जाहीर केली. कायम सेवेतील व्यक्तींपैकी काहींचे निलंबन झाले. कंत्राटी परिचारिकांची सेवा समाप्त करण्यात आली. फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्या रात्री कोणाची चूक किती, याचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही. आम्ही फक्त दोन शब्दांतील फरक दाखवीत आहोत. निलंबित व्यक्तीला निर्वाह भत्ता असतो, विभागीय चौकशी असते, आपली बाजू मांडण्यास जागा असते आणि निर्दोष ठरल्यास परत येण्यास दार असते. ‘सेवा समाप्त’ म्हणजे दार बंद. २०,००० आणि ३५,४०० यांच्यातील खरे अंतर हे आहे. जोखीम दोघींची सारखी, आणि ती कोसळली तेव्हा एकीच्या डोक्यावर छप्पर होते, दुसरीच्या नव्हते.

राज्यातील परिचारिकांनी मे २०२२ मध्ये बेमुदत संप पुकारला, तेव्हा बाह्यस्रोतांमार्फत, म्हणजे ठेकेदाराकरवी, भरती करण्यास विरोध ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. वर्तमानपत्रे वाचणाऱ्या पुष्कळांना ती पगारवाढीचीच मागणी वाटली. १४ मार्च २०२४ रोजी शासनाने निर्णय काढून अभियानात दहा वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना रिक्त पदांच्या काही हिश्श्यावर सामावून घेण्याचे मान्य केले. त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२५ मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावे लागले.

खासगी रुग्णालयांची कथा याहून निराळी. परिचर्या शाळेत प्रवेशासाठी शिफारसपत्र मागावयास धर्मग्रामातील मुली आमच्याकडे येतात आणि तीनचार वर्षांनी नोकरी लागल्याचे पेढेही आणून देतात. पहिला पगार विचारला की पुष्कळ जणी खाली पाहतात. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता त्यातून गेला की हातात काय उरते, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला होत नाही. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर निकाल देऊन केंद्र सरकारला समिती नेमावयास सांगितले. समितीने खाटांच्या संख्येवर गणित बसवले. २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकेला सरकारी वेतनाइतके वेतन द्यावे. १०० हून अधिक खाटा असल्यास सरकारी वेतनापेक्षा फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटा असल्यास फार तर २५ टक्के कमी. आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयानेसुद्धा दरमहा २०,००० च्या खाली जाऊ नये. केंद्राने या शिफारशी राज्यांकडे धाडल्या. शिफारस हा कायदा नव्हे, त्यामुळे पुढचे सारे राज्यांवर सोडले गेले.

केरळात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तेथील परिचारिका २०११ पासून रस्त्यावर उतरत होत्या, आणि त्यांच्यासमोरच्या व्यवस्थापनांत ख्रिस्ती संस्थाही पुष्कळ होत्या. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी चेरथळा येथून राजधानीपर्यंत पायी मोर्चा नेण्याचे जाहीर केले. मोर्चा निघण्याच्या आदल्या दिवशी, २३ एप्रिलला, सरकारने अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांतील परिचारिकेचे किमान मूळ वेतन २०,००० रुपये ठरवले, वर खाटांच्या संख्येनुसार जादा भत्ता. मोर्चा निघालाच नाही. केरळमध्ये हे घडू शकले याचे कारण आमच्या मते असे की तेथील परिचारिकेला जगाचे भाव ठाऊक होते. १९६० च्या दशकात कॅथोलिक धर्मगुरूंच्या साहाय्याने केरळच्या मुली पश्चिम जर्मनीत शुश्रूषेसाठी गेल्या. पुढे आखाती देश, मग इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका. जिची बहीण परदेशात आहे ती परिचारिका आपल्या श्रमाची किंमत वेगळ्या तराजूवर मोजते.

तो तराजू कसा आहे? इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत २०२४–२५ साली नव्या परिचारिकेचे प्रारंभीचे वार्षिक वेतन २९,९७० पौंड होते. लंडनमध्ये राहण्याच्या महागाईपोटी अधिक. अमेरिकेत २०२३ मध्ये नोंदणीकृत परिचारिकेचे मध्यक वार्षिक वेतन ८६,०७० डॉलर होते. तेथेही प्रदेशाप्रमाणे फरक पडतो. कॅलिफोर्नियाची सरासरी सुमारे १ लाख ३७ हजार, तर दक्षिण डकोटाची सुमारे ६९ हजार. कामाप्रमाणे तर फारच मोठा. अल्प शिक्षणाच्या साहाय्यक परिचारिकेला ६० हजारांच्या आसपास आणि भूल देणाऱ्या उच्चशिक्षित परिचारिकेला दोन लाखांहून अधिक. हे आकडे वाचून आपल्या मुलींचे डोळे दिपतात, त्यात नवल नाही, जरी तिकडचे घरभाडे कोणी त्यांना सांगत नाही. आम्हांला त्यात निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तेथील तफावतीचे कारण पुष्कळदा सांगता येते: अधिक शिक्षण, अधिक जबाबदारी, महाग शहर. भंडारा जिल्ह्यातील एकाच कक्षात एकाच पाळीला उभ्या असलेल्या दोघींच्या तफावतीचे कारण त्यांच्या कामात सापडत नाही. ते नेमणुकीच्या कागदावर सापडते.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत मुग्ध नाही. पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाने कामगाराच्या वेतनाला केवळ कराराच्या मापाने मोजण्यास नकार दिला. कुटुंबाचा चरितार्थ चालेल असे वेतन हा न्यायाचा विषय ठरवला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’मध्ये त्याच्याही पुढे जाऊन कोणत्याही समाजव्यवस्थेची न्याय्यता तिच्यात श्रमाला मिळणाऱ्या मोबदल्यावरून तपासावी असे सुचवले. आणि आपण सारे ज्याला परिचर्येचा मूळ आदर्श मानतो त्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही पैशाचा व्यवहार आहे, हे आम्ही प्रवचनात क्वचितच सांगतो. जखमी माणसाची शुश्रूषा पुढे उतारशाळेच्या रखवालदाराने केली, आणि शोमरोन्याने त्याला दोन दीनार मोजून दिले. एक दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. शिवाय अधिक खर्च झाल्यास परतताना भरून देण्याचा शब्दही दिला. त्याने रखवालदाराच्या भूतदयेला आवाहन केले नाही.

आता आपल्या संस्थांविषयी. आपले ग्रामीण मिशन दवाखाने बहुतेक ५० खाटांच्या आतले, म्हणजे समितीच्या शेवटच्या गटातले. रुग्ण गरीब, फी नाममात्र, देणग्या आटलेल्या; २०,००० कोठून आणावयाचे, हा व्यवस्थापनाचा प्रश्न खोटा नाही. नव्या व्रतार्थींची संख्याही घटली आहे, त्यामुळे पूर्वी भगिनी जी कामे विनावेतन करीत ती आता पगारी परिचारिकेकडे आली आहेत. दवाखान्याच्या हिशोबात पूर्वी कधीच न दिसलेला खर्च आता दिसू लागला आहे. खरे पाहता तो खर्च पूर्वीही होता. तो भगिनीसंघ सोसत होता आणि तो कोठे लिहिला जात नव्हता. तो आता कोणी उचलावा, धर्मप्रांताने, रुग्णाने की शासनाने, हे ठरवता येईल. परिचारिकेनेच उचलावा, असे मात्र म्हणता येणार नाही.

या विषयाचा इतिहास लिहावयाचा तर साधने हवीत. वेतन आयोगांचे तक्ते ग्रंथालयात मिळतात, पण नागपूर, भंडारा, वसई, मिरज येथील मिशन रुग्णालयांत राबलेल्या परिचारिकांना महिन्याच्या अखेरीस हातात काय पडत होते, ते त्यांच्या ट्रंकांतच सापडेल. आपल्या आई, आजी वा मावशी परिचारिका असतील तर त्यांच्या नेमणुकीची पत्रे, पगाराच्या पावत्या, पोस्टाची बचतपुस्तके रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांच्या प्रती या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात.